नाक्यावरचा बॅनर

प्रिय प्राची,

फोन बंद ठेवला म्हणून माणूस हरवत नाही, फक्त बाकीच्यांची पायपीट वाढते. सोमवारी तुझा राजीनामा आला, तेव्हापासून तुला फोन लावून लावून माझं बोट झिजलं. शेवटी आज रजा टाकली आणि अंबरनाथहून सरळ कुळगावात तुझ्या घरी आले, तर तू कर्जतला मावशीकडे पळालेली. उद्या तुझे बाबा मावशीसाठी वेलावरच्या काकड्या घेऊन तिकडे निघालेत, म्हणून तुमच्याच ओटीवर बसून हे पत्र लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर नावं ठेवू नकोस, हल्ली सही सोडली तर मी हाताने काही लिहीत नाही. आणि तुझ्या आईने समोर ठेवलेली अळूवडी खात खात लिहिते आहे, तेव्हा तेलाचे डागही गोड मानून घे.

राजीनाम्यात तू एकच ओळ लिहिलीस, ‘मी या पदाला लायक नाही.’ कैलाससरांना मी आधी सांगितलं की पोरीला ताप आहे. पण मालकाला तापाची थाप किती दिवस पुरणार, म्हणून काल खरं ते सांगून टाकलं. राजीनामा अजून मंजूर झालेला नाही आणि तो होऊ नये असं मला मनापासून वाटतं. साच्याचं डिझाइन करणारी तुझ्यासारखी मुलगी मी आजवर पाहिली नाही, हे तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आज लिहिते. बाटलीच्या झाकणाचा साचा असतो केवढासा, पण त्यात वितळलेलं प्लास्टिक कुठे आधी पोचेल आणि कुठे अडेल, हे ओळखायला तू स्क्रीनकडे नुसती बघत बसतेस आणि मग बरोबर त्या जागी बोट ठेवतेस. तुला हे कळतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, “आमचे शेतान पानी सोडतात ना मॅडम, तसाच.” आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलंस.

मागच्या खंडेनवमीची आठवण काढली तर तुला राग येईल, तरी काढते. मशीन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा झाली, सरांनी उल्हासनगरहून आणलेली सेव-बर्फी वाटली, आणि त्यातच घोषणा केली की आजपासून प्राची टीम लीडर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मला आधी म्हणाले होते, “किर्ती, अच्छे को ऊपर नहीं लेंगे तो वो चला जाएगा.” मलाही ते पटलं होतं. त्या दिवशी सगळ्यांत कमी आनंद तुझ्या चेहऱ्यावर होता. बर्फीचा तुकडा हातात धरून तू तशीच उभी होतीस, आणि मला वाटलं, पोर लाजते आहे.

मग तुमच्या गावाने बॅनर लावला. आता आपल्याकडे बारशापासून नगरसेवकाच्या वाढदिवसापर्यंत बॅनर लागतातच, पण तुझा लागला तेव्हा मी मुद्दाम बदलापूरला उतरून बघून गेले. कुळगावच्या नाक्यावर, केवढा मोठा. ‘कुळगावची कन्या कु. प्राची हिंदुराव यांची टीम लीडर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, तुझा फोटो पार गोरापान केलेला, आणि तुझ्या खांद्यामागे जबडा उघडलेला वाघ. तुझे बाबा त्याच्याखाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजत होते. मलाही पाजला.

वाघावरून तुला ते नेतृत्वाचं शिबिर आठवलं असेल. मीच पाठवलं होतं तुला, हॉटेलातलं जेवण चांगलं म्हणून मीही आले. तो सुटाबुटातला माणूस प्रत्येकाला विचारत होता, तुम्ही कोणता प्राणी आहात. कोणी सिंह झालं, कोणी गरुड, आपला अक्षय तर चक्क बिबट्या झाला, दुसऱ्यांदा भात वाढून घेणारा. तू म्हणालीस, बगळा. सगळे हसले, तो माणूसही हसला आणि म्हणाला, यावर काम करावं लागेल. मी हसले नव्हते, पण काही बोललेही नाही. बांधावर एका पायावर तासन् तास पाण्याकडे बघत उभा राहणारा पक्षी तुला जवळचा वाटला, त्यात सुधारण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर तुझं काय होत गेलं ते मी बघत होते. तुझ्या हाताखाली पोरं आली आणि तुझं स्वतःचं काम बंद झालं. सनीचं ड्रॉइंग चुकलं की तू त्याला बोलायची नाहीस, घरी नेऊन स्वतः नीट करून आणायचीस. अक्षय उशिरा आला की तूच नजर चुकवायचीस, जणू उशीर तुला झालाय. डबा खाताना गप्प, मिटिंगमध्ये गप्प. मी एकदा म्हटलं की जरा आवाज चढव, तर तू म्हणालीस, “मना लोकांवर वरडाला नाय जमाचा.” पाऊस लागायच्या सुमाराला मी तुला विचारलं होतं, परत नुसतं डिझाइन करशील का. तुझे डोळे क्षणभर असे चमकले की मला वाटलं, सुटला प्रश्न. मग तू मान हलवलीस. गावाने बॅनर लावला होता मॅडम, आता मी खाली उतरले तर बाबा नाक्यावर तोंड कसं दाखवतील. एवढं बोलून तू उठून गेलीस, आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाहीस.

गेल्या आठवड्यात त्या तेलवाल्या कंपनीकडून झाकणं गळतात म्हणून माल परत आला. साचा सनीचा होता, त्याचं ड्रॉइंग नीट करायला या वेळी तुला सवड मिळाली नव्हती. कोणी काही विचारायच्या आत तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि चूक माझी म्हणालीस. सर तुला एक शब्द बोलले नाहीत. तू मात्र स्वतःला फासावर चढवून घरी गेलीस. मागे काय झालं ते ऐक. सनी माझ्याकडे आला, डोळे लाल. म्हणाला, “मॅडम, दीदी एक बार झापती ना, तो अच्छा लगता. वो चुपचाप ठीक कर देती थी, मेरे को लगा मैं सही जा रहा हूँ.” प्राची, हे तुला दुखवायला सांगत नाही. तू ज्याला सांभाळून घेणं समजत होतीस, त्यात त्या पोराचं शिकणं राहून गेलं, आणि तुझं जगणं. दोघांचंही नुकसान झालं आणि तुम्ही दोघंही आपापल्या परीने चांगलंच वागत होतात.

मला विचारशील तर मी डिझाइनर म्हणून बेताचीच होते. हा विनय नाही, माझे जुने साचे अजून गोदामात आहेत, जाऊन बघ. मला माणसं आवडतात. कोण उपाशी आलंय, कोणाचं घरी भांडण झालंय, कोणाला रागवायचं आणि कोणाला नुसतं चहाला न्यायचं, हे मला आपोआप कळतं, तुला प्लास्टिकचं कळतं तसं. पण आपल्याकडे जिना एकच. चांगलं काम केलंस, चढ वर, माणसं सांभाळ. गाणाऱ्याला बक्षीस म्हणून ढोल गळ्यात घालावा, तसं झालं हे.

काल सरांशी याच गोष्टीवरून माझं वाजलं. तुला टीम लीडरवरून काढलं तर लोक म्हणतील उतार दिया, हा त्यांचा धोशा. मी म्हटलं, सर, उल्हासनगरच्या कॅम्प पाचात तुमच्या आजोबांचं मिठाईचं दुकान होतं ना, भट्टीवरच्या त्या कारागिराची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगता. हात इतका गोड, की लांबून गिऱ्हाइक यायचं. त्याला तुमच्या आजोबांनी कधी गल्ल्यावर बसवला का? सर मग हसून म्हणाले, “गल्ले पे बिठाते तो मिठाई भी जाती, गल्ला भी.” आणि मग आपणहून सांगायला लागले की सणाची पहिली थाळी आजोबा त्या कारागिराला स्वतःच्या हाताने द्यायचे, घरच्यांच्या आधी. त्यावर आमचं ठरलं. तू मुख्य डिझाइनर, पगार आणि मान आहे तोच, हाताखाली कोणी नाही. कठीण साचा आधी तुझ्यासमोर येणार. पोरं अक्षय सांभाळेल. तो बोलघेवडा आहे, आणि स्वतः उशिरा येत असल्यामुळे त्याला सगळ्यांची कारणं पाठ आहेत. सनीने तुझ्याशेजारची खुर्ची मागितली आहे, शिकायला. अट एकच, त्याचं चुकलं की तू त्याला तिथल्या तिथे सांगायचं. ओरडायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं. तेवढं तुला येतं.

कामाचं हे एवढंच असतं तर मी मेसेज टाकला असता, तू कधीतरी फोन चालू केलाच असतास. मला इथे लिहायला बसवलं तुझ्या बाबांनी. चहा झाल्यावर ते मला मागच्या परसात घेऊन गेले. शेळ्यांच्या छपरावर पेंढ्याखाली तुझा बॅनर घातलाय, छापील बाजू आत. खाली वाकून वर पाहिलं की वाघ दिसतो, त्याच्या शेजारी तू, आणि खाली शेळ्या निवांत रवंथ करतायत. अख्खा पावसाळा थेंब गळला नाही म्हणाले. पालिकेची गाडी बॅनर घेऊन गेली असं तुला त्यांनी सांगितलं होतं, पालिकेच्या नावाने बोटंही मोडली होती. तो त्यांनी स्वतः काढला, गेल्या दिवाळीच्या आतच. स्टेशनवरून येताना तू नाका टाळून पार मागच्या आळीने वळसा घालून घरी येतेस हे त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शिडी लावली. ज्या बापाचा मान राखायला तू वर्षभर कुढलीस, त्याला सगळं माहीत होतं. आपण बोललो तर पोरीला वाटेल की बापाला लाज वाटली, म्हणून तेही वर्षभर गप्प. मला म्हणाले, “बॅनर खाली आला तवा आभाल नाय पडला. पोरगी खाली आली तं काय पडनार हाये? तुमी लिवा. मना नाय सांगाला जमाचा.” मग तुझं ते ‘नाय जमाचा’ कुठून आलंय ते मला कळलं. आता ते दारात उभे आहेत, पत्र झालं का म्हणून तिसऱ्यांदा डोकावून गेले. कामावर यायचं की नाही ते तू ठरव, मी वाट बघेन. पण उद्या ते काकड्या घेऊन येतील, तेव्हा परत येताना त्यांच्याबरोबर घरी ये. आणि दोघं नाक्यावरून या.

तुझीच,
किर्तीताई
(मॅडम म्हणायचं आता पुरे)