बॅटऱ्यांपुढचा दिवा

प्रिय भाऊ,

उद्या खंडेनवमी. वहिनीने झेंडू आणलाय, पितळी दिवा घासून ठेवलाय आणि तो दुकानात, बॅटऱ्यांपुढे, गेल्या वर्षीच्याच पाटावर लावायचा म्हणतेय. म्हणून लिहितोय. तू होतास तेव्हा मी ट्रकवर फिरताना कधी पत्र पाठवलं नाही, सुरतेहून नाही, इंदूरहूनही नाही. आता पाठवायचं कुठे?

पिंप्राळ्याचं तुझं दुकान चालू आहे, आता मी बसतो. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला येतात, वीज नसताना टीव्ही चालवायच्याही. धरणगावचा एक आबा एसटीच्या टपावर बॅटरी आडवी टाकून आणतो. निम्मं अ‍ॅसिड वाटेत लोकांच्या गाठोड्यांवर सांडतं. मी म्हटलं, "आबा, उभी आणा." तर म्हणतो, "उभी पडी जास." पडते म्हणून आधीच पाडून आणतो. तू असतास तर त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या असत्यास. जाऊ दे, मी भरकटलो.

धुळ्याला एक पावसाळाभर मी ट्रकवाल्यांच्या गल्लीत बॅटऱ्या भरायचं काम केलं, आठवतं? तिथला उस्ताद चार्जिंगच्या खोलीत कोणी विडी काढली की पाना फेकून मारायचा. बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते. दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत वर जमत राहते. एक ठिणगी पुरते. तिथून आल्या आल्या मी तुला सांगितलं, शटर वर ठेव, बॅटरीचे चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद कर.

तू तंबाखू मळत राहिलास. "तू ट्रकवर फिरस ना भो, तठेच फिर. माले बठ्ठं मालूम शे." तुला सगळंच माहीत! मग गिऱ्हाइकांना म्हणालास, "आमचा बाळ्या बॅटरीला भितो. पोरगी बघायला नेलं तर तिलाही भ्याला." सगळे हसले. तुझ्या हसण्यावर चार माणसं जमायची, हे खरंय. पण त्या दिवशी मला तुझा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

आणि ते दोन कॅन! एकात कडक अ‍ॅसिड, एकात पाणी. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच कोपऱ्यात. एकाला लाल रंग मार म्हटलं तर म्हणालास, "उचलना की हातले समजस." अ‍ॅसिडचा जड लागतो म्हणे. तुझ्या हाताला समजायचं रे. दुसऱ्या कोणाच्या हाताचा विचार कधी केलास?

गेल्या खंडेनवमीला मी सुरतेला होतो. वहिनीने सांगितलं तेवढंच मला ठाऊक. त्या दिवशी अवजारांना विश्रांती असते, घरोघरी कोयती-नांगरही भिंतीला टेकून बसतात. तू मात्र दसऱ्याला लोकांना टीव्ही लागेल म्हणून चार्जिंग चालूच ठेवलंस. बॅटऱ्यांना हळद-कुंकू लावलंस, हार घातलेस. वाऱ्याने दिवा विझतो म्हणून शटर खाली ओढलंस. आणि काडी पेटवलीस.

बॅटरी फुटली, अ‍ॅसिड तोंडावर उडालं. तू "पाणी, पाणी" ओरडलास. वहिनी मागच्या दाराने धावत आली, कोपऱ्यातला कॅन उचलला आणि तुझ्या डोक्यावर ओतला.

तिच्या बोटांवर अजून डाग आहेत. तू सिव्हिलमध्ये चार दिवस काढलेस आणि मरून सुटलास. तिचं काय?

गल्लीतल्या अक्का येऊन सांगतात, पूजा मोडली म्हणून देव कोपला. वहिनीने ते घट्ट धरलंय. आज मी दिवा उचलून बाजूला ठेवला तर म्हणाली, "पूजा अर्धी ऱ्हायनी, भाऊजी. तठेच पुरी करनी पडी."

मला कळतंय ती का धरून बसलीय. देव कोपला म्हटलं की तिचे हात सुटतात. गॅस म्हटलं, कॅन म्हटलं, की सगळं तिच्या बोटांवर येतं. दिवा लावू द्यावा तर पुन्हा खोलीभर बॅटऱ्या गॅस सोडत उकळतायत. लावू नये तर तिला खरं सांगावं लागतं.

सांगितलं मी. म्हटलं, "वहिनी, देव कोपला नाही. भाऊने मारलं स्वतःला. शटर त्याने ओढलं, काडी त्याने लावली, आणि विष आणि पाणी एकसारख्या भांड्यांत त्याने ठेवलं. तुम्ही पाणी समजूनच ओतलं. ते पाणी नव्हतं हा गुन्हा त्याचा."

बोटांकडे बघतच ती म्हणाली, "मेलेल्याला असं बोलतं का कोणी?"

मी म्हटलं, "मी बोलणार."

मग तिने दिवा पदराखाली घेतला आणि घरात देवापुढे नेऊन ठेवला. आता बसलीय अ‍ॅसिडच्या कॅनला लाल रंग फासत. नीट येत नाहीय, ओघळ खाली आलेत. येऊ देत.

तेव्हा ऐक, भाऊ. उद्या चार्जर बंद राहील, शटर पूर्ण वर राहील. बॅटऱ्यांना झेंडू मिळेल. तुझा फोटो दुकानात लागणार नाही, कारण फोटो लागला की कोणीतरी त्याच्यापुढे उदबत्ती लावतं. आणि वहिनी जेव्हा जेव्हा बोटांकडे बघेल, तेव्हा तेव्हा मी चार माणसांत तुझं नाव घेऊन सांगेन की चूक तुझी होती. मी इथेच राहणार आहे, त्यासाठीच.

तुझा भित्रा,
बाळ्या