लेव्ही माफ

वेक्सफर्ड, ८ ऑक्टोबर २००९

ती. आईस कॅहलचा दंडवत. वि. वि.

पत्र पोचलं. तू वृद्धाश्रमात तीस जणांचं रांधायचं आणि सरकारने लेव्ही नावाच्या नव्या करापायी दर आठवड्याला तुझा पगार कापायचा, हे वाचून डोकं फिरलं. अगं, बाबांच्या फुप्फुसांमुळे तुम्हा दोघांना कमी मिळकतवाल्यांचं, सरकारी दवाखान्याचं फुकट औषधाचं कार्ड आहे ना? ज्याच्याकडे कार्ड, त्याला लेव्ही माफ. पगार काढणाऱ्या इमेल्डाबाईला नुसतं दाखव. नंबर उतरवून घेतात, पुढच्या आठवड्यापासून कापणं बंद.

पण तू कसली दाखवतेस. कार्ड कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून गावातलं दुकान सोडून औषधाला बसने बॅलिनाला जातेस. बाबांच्या खोलीतली शेगडी इभ्रतीवर पेटते का?

माझं झकास. वखारीत मुकादम झाल्यापासून फळ्यांना हात लावावा लागत नाही.

बाबांना नमस्कार. माझ्या फाटक्या तोंडाकडे बघू नये, लोभ असू द्यावा.

कॅहल

बेलमुलेट, १९ ऑक्टोबर

चि. कॅहल यास आईचे आशीर्वाद.

दाखवलं एकदाचं. इमेल्डा म्हणाली, स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची कार्डं मे महिन्यातच तिच्याकडे आली, अट्रॅक्टाबाई, म्हणजे मी, तेवढ्या श्रीमंत उरल्या होत्या. बसमध्ये जिच्यापासून मी तोंड लपवायचे ती फिलोमिनासुद्धा औषधालाच जायची.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. नंबर उतरवतात हे तुला इतकं पाठ कसं? पुतण्याचं म्हणून इमेल्डाला विचारलं, की एकट्या, धडधाकट, कमावत्या पोराकडे कार्ड कसं असेल. ती म्हणाली, वर्षभर बेकार राहून कामाला लागला तर तीन वर्षं कार्ड राहतं.

गेल्या नाताळला तू आला नाहीस. वखारीचं जहाज लागलंय, असं लिहिलं होतंस. बाबांनी ते अख्ख्या गावाला सांगितलं. त्यांना मी अजून काही बोलले नाही. बोलू का?

जेवत जा. मायेत काही कमी नाही.

आई

वेक्सफर्ड, २४ ऑक्टोबर

ती. आईस दंडवत.

बोलू नकोस. शनिवारी येतोय, मीच सांगेन. जहाज नव्हतं. तेरा महिने काम नव्हतं. आत्ताही मुकादम दुसराच आहे, मी फळ्या रचतो. तेव्हा रिकाम्या हाताने दारात उभं राहायची लाज वाटली, बाकी काही नाही.

आताही रिकाम्या हातानेच येतोय. कडी लावू नकोस.

तुझ्याच वळणाचा,
कॅहल