सारख्या, एक नव्हे

आप्पा, उद्या सकाळी बारकीला आणि मला एकाच वेळी ऑपरेशनला नेणार आहेत. माझी एक किडनी काढून तिला बसवायची आहे. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही दोघी कॉलेजात जात होतो, आता आमच्या केसांना मेंदी लागते. दुपारची जेवणं झाली आहेत, ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे, आणि मी हॉस्पिटलातल्या खिडकीशी बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण त्या दारातून आत जाणं म्हणजे काय, हे आपल्या घरात फक्त तुम्हाला माहीत. तुमचंही ऑपरेशन साधंच होतं, हर्नियाचं. आत जाताना तुम्ही आईला म्हणालात, चहा पिऊन घे, तोवर येतोच मी. आला नाहीत. इथले डॉक्टरही परवा 'साधं' म्हणाले, आणि त्या एका शब्दानं माझे तळहात ओले झाले ते अजून सुकलेले नाहीत.

काळेवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत आम्हा जुळ्यांना कधीच न चुकता ओळखणारे तुम्ही एकटेच. आईसुद्धा पाठमोऱ्या बघून चुकायची. शाळेत इंजेक्शनं द्यायला माणसं आली होती तो दिवस आठवतो का? मी संडासात लपून बसले, आणि बारकी रांगेत दोनदा उभी राहिली, एकदा तिच्या नावावर, एकदा माझ्या. संध्याकाळी तुम्ही शिफ्टवरून आलात तेव्हा ती दोन्ही दंड धरून कण्हत होती. मी आपलं सांगून टाकलं, आम्ही सेमच तर आहोत. तुम्ही मारलं नाहीत. हातातला डबा खाली ठेवलात आणि म्हणालात, "सारक्या दिसताव म्हणून एकच झालाव का? तिला ताप आला तर तू गोळी खाऊन उतरंल का?" दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तुम्ही मला दवाखान्यात नेलंत. सुई टोचताना माझ्या डोळ्यांवर हात धरलात. हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि त्या अंधारात मला फारसं दुखलं नाही.

मी चाकणला आहे, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत, तपासणीला. समोर एक नमुना टांगलेला असतो. हातात येणारा प्रत्येक पीस त्याच्याशी ताडून बघायचा आणि 'सेम' म्हणून पुढे सोडायचा. सेम म्हणजे तोच नव्हे. सेम म्हणजे फरक आहे, पण चालण्याइतका. तिथे हा शब्द मी दिवसभर वापरते आणि मला त्याची कधी भीती वाटली नाही.

बारकी निगडीला दिली. तिचा रक्तदाब कधी वाढला ते कुणाला कळलंच नाही, पाय सुजायला लागले तेव्हा उशीर झाला होता. डायलिसिस सुरू झालं. चेहरा काळवंडला, गाल बसले. एकदा मी तिच्या उशाशी बसले होते, तर नवीन आलेली नर्स मला विचारते, "या तुमच्या आई का?" बारकीनं हसण्यावारी नेलं. मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि डोळ्यांखालची कातडी दाबून दाबून सूज बघत बसले. तिचं जे झालं तेच माझं होणार आहे, की तसंच काहीतरी, की काहीच नाही? तेव्हापासून रोज सकाळी पाय आधी चाचपते, मग जमिनीवर टेकते.

किडनीचा विषय निघाला तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. तिच्या सासूबाई, आत्या, इतकंच काय आमचे हेसुद्धा म्हणाले, तुम्ही तर एकच, प्रश्न कुठे येतो. जणू तिचीच वस्तू माझ्याकडे ठेवायला दिली होती. मीही मान हलवली. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, आणि डॉक्टर म्हणाले, "सगळं जुळतंय. तिच्या शरीराला ही परकी वाटणारच नाही." सगळ्यांचे चेहरे खुलले. मी विचारलं, तिला झालं ते मला होईल का. शरीर सारखं आहे म्हणून तुम्हाला जास्त बारकाईनं तपासलंय, आज काही नाही, पुढचं कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. मी पाण्याचं निमित्त करून बाहेर आले आणि जिन्यात बसले. जुळतंय हा शब्द मी आजवर सोयरिकीच्या वेळीच ऐकला होता. तो ऐकून कुणी असं जिन्यात येऊन बसलं असेल का?

ओळखलं ते बारकीनंच. पुढच्या डायलिसिसला सुया लावलेल्या हाताकडे न बघता ती हळू आवाजात म्हणाली, "नको वाटत असेल तर मला सांग. मी डॉक्टरांशी बोलते. तपासणीत काहीतरी निघालं, असं ते सगळ्यांना सांगतील."

"आणि तुझं काय?"

"बघू. दुसरी कुणाची मिळेल, नाहीतर नाही मिळणार. पण ती तुझी आहे. आपण सारख्या आहोत गं, एक नाही."

हे तुमचं बोलणं तिच्या लक्षात राहिलं होतं, की तिला ते स्वतःच सुचलं, मी विचारलं नाही. मशीनचा आवाज येत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं, आणि नाही म्हणायला जागा मिळाली तेव्हाच मला हो म्हणता आलं. आम्ही एकच असतो तर मी तिला देणार काय होते? मी म्हटलं, देते. तिनं विचारलं, घाबरलीस का? मी म्हटलं, छे.

आता तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतोय, उठली वाटतं. मी जाऊन तिची वेणी घालणार आहे. उद्या आत जाताना केस मोकळे नकोत, असं नर्स म्हणाल्यात.

हा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवीन, याला पत्ता नाही. उद्या मी जाणार आहे आप्पा, पळणार नाही. पण सकाळी नर्सनं थर्मामीटर लावला तेव्हा मी डोळे मिटून मनात म्हणत होते, थोडासा ताप निघू दे, पुढे ढकलण्यापुरता. नाही निघाला.