बंद मुठीच्या पुरस्कारप्राप्त छायाचित्राखालील मजकूर दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
अभिलेख व छायाचित्र संचालनालय,
युगदर्शन दालन, दुसरा मजला.

विषय : दालनातील छायाचित्र क्र. ४१, ‘युगाचा संताप’, याखालील मजकुराची दुरुस्ती.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, तसेच आपल्या खिडकीवर तोंडी मिळालेली उत्तरे.

महोदय,

१. अकरा वर्षांपूर्वी, सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बाजाररस्त्यावरील पाच मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटर चढवली जात असताना अर्जदाराने उजव्या हाताची मूठ वळून वर केली. मोटरीचे वजन तीनशे वीस किलो होते. घडले ते एवढेच.

२. अर्जदाराच्या धंद्यात गच्चीवर विंच, म्हणजे भार ओढायचे यंत्र, चालवणाऱ्याला खालचा आवाज ऐकू जात नाही, म्हणून हातांनी बोलण्याची रीत आहे. बोट गोल फिरवले की ओढ, मूठ वळली की थांब. मोटर तिसऱ्या मजल्यापाशी लटकत असताना एक गृहस्थ कॅमेरा वर रोखून चालत तिच्या खाली येऊ लागले. रस्त्यावरून त्या वेळी मोर्चा चालला होता आणि गृहस्थांना मोर्चा व अर्जदार एकाच चौकटीत हवे होते. अर्जदाराने विंच थांबवण्यासाठी मूठ वर केली आणि गृहस्थांना उद्देशून, “बाजूला हो मुडद्या, डोक्यात पडेल,” असे शब्द उच्चारले. छायाचित्र त्या क्षणाचे आहे.

३. पुढे छायाचित्र छापून आले, त्याला वर्षातील सर्वोत्तम वृत्तछायाचित्राचा पुरस्कार मिळाला व ते आपल्या दालनात लागले. छापताना वरचा भाग, म्हणजे मोटर, कापण्यात आली. खाली मजकूर आहे : “व्यवस्थेला जाब विचारणारा अनामिक नागरिक. या एका चेहऱ्यात त्या कालखंडाचा सारा आक्रोश साठला आहे.” अर्जदाराच्या थोरल्या बहिणीने ते पाहून, “एवढं तोंड उघडायचं होतं तर दात तरी घासून जायचंस,” एवढाच अभिप्राय दिला. अर्जदारानेही तेव्हा विषय हसण्यावारी नेला. ती चूक त्याला मान्य आहे.

४. कारण शहरात मोर्चा निघायचा असला की पोलीस ठाण्यातून बोलावणे येते. हवालदार स्वभावाने चांगले आहेत. “या, युगपुरुष, बसा. आज मोर्चा आहे, म्हणजे आज तुम्ही आमच्याकडे,” असे म्हणून ते चहाही देतात. असे चौदा दिवस अर्जदाराने बाकावर काढले व त्याबद्दल त्याची तक्रार नाही. मात्र लिफ्ट दुरुस्तीच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे तर ठाण्याचा वर्तणुकीचा दाखला लागतो. ठाण्याने दाखला नाकारून शेरा मारला आहे : “वर्तणूक संतप्त. पाहा : छायाचित्र क्र. ४१.” परवान्याची मुदत येत्या शुक्रवारी संपते. अर्जदाराला दुसरे काम येत नाही, आणि पन्नाशीत नवे शिकवायला कोणी बसलेले नाही.

५. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला. त्यावर अर्जदार हाच छायाचित्रातील इसम आहे याचा पुरावा मागण्यात आला. बहिणीची साक्ष नातलगाची म्हणून बाद झाली. अखेर खिडकीवरील लिपिकबाईंनी छायाचित्र व अर्जदार शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि, “जरा चिडून दाखवा बघू,” अशी सूचना केली. अर्जदाराने दोनदा प्रयत्न केला. “नाही हो काका, हे पोट दुखल्यासारखं दिसतंय,” असे त्यांचे मत पडले. रांगेतल्या दोघा-तिघांनीही तसेच सांगितले. आपल्या पत्रात त्याचे “मूळ छायाचित्रातील संताप अर्जदाराच्या ठायी आढळून येत नाही” असे रूपांतर झाले आहे. म्हणजे ठाण्याच्या लेखी अर्जदार तोच आहे व आपल्या लेखी तो नाही. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच सरकारचा आहे, याकडे नम्रपणे लक्ष वेधतो.

६. अर्जदाराने छायाचित्रकारांचीही भेट घेतली. ते आता आपल्याच सल्लागार मंडळावर आहेत. त्यांनी अर्जदाराला पाहताच ओळखले. “तुम्ही ओरडला नसता तर मी तिथेच गेलो असतो,” असे म्हणून त्यांनी डोळे पुसले व न कापलेल्या छायाचित्राची प्रत दिली. मजकूर बदलण्याविषयी मात्र ते म्हणाले, “ते चित्र आता माझं राहिलेलं नाही हो, काळाचं झालंय.” ती प्रत आपल्याकडे सादर केली असता उत्तर आले की पुरस्कार कापलेल्या छायाचित्रास असून कापून टाकलेला भाग त्या कालखंडाचा अभिलेख मानता येत नाही. अर्जदार इतकेच निवेदन करतो की तो भाग त्या कालखंडात डोक्यावर लटकत होता व ते त्याने स्वतः पाहिले आहे.

७. तरी मजकूर “लिफ्ट कारागीर छायाचित्रकारास बाजूला होण्यास सांगताना” असा करावा. पुरस्कारास अर्जदाराची हरकत नाही, चित्र चांगलेच आले आहे. हे जमत नसेल, तर छायाचित्रातील इसम अर्जदार नव्हे, हे आपलेच म्हणणे पोलिसांच्या नावे लिहून द्यावे. याविषयी खिडकीवर विचारले असता, “तसं लिहून दिलं तर मग तो कोण, हे आम्हाला शोधावं लागेल,” असे सांगण्यात आले.

८. आज बुधवारी दुपारी बारा चाळीसला अर्जदाराच्या मालकांना आपल्या संचालनालयाचे पत्र मिळाले. छायाचित्र क्र. ४१ वरून घडवलेला चारशे दहा किलोंचा ब्राँझचा पुतळा शनिवारी सकाळी दहा वाजता दालनाच्या सज्ज्यावर चढवायचा असून त्यासाठी “परवानाधारक, अनुभवी व शांत स्वभावाचा कारागीर” पाठवावा, असे त्यात म्हटले आहे. मालकांकडे परवानाधारक कारागीर एकच आहे. “काय कळवू रे यांना?” असे त्यांनी विचारले. हा अर्ज टाइप होऊन हाती येईपर्यंत त्यांचे उत्तर गेलेले नाही.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत परवानाधारक असलेला,
आपला अर्जदार
(सही)
लिफ्ट कारागीर
बुधवार, दुपारी ३.२०

सोबत :
१) न कापलेल्या छायाचित्राची प्रत
२) ठाण्याचा शेरा
३) परवाना, मुदतीच्या तारखेसह
४) संचालनालयाचे आजचे पत्र (झेरॉक्स, मूळ पत्र मालकांच्या टेबलावर)