क्लचवाली गाडी

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

सकाळी ११ वाजून २० मिनिटं. शोरूमच्या भिंतीवरचं घड्याळ आणि माझ्या मनगटावरचं, दोन्ही तेच सांगत होती. त्या मिनिटाला नीरज नावाच्या टायवाल्या विक्रेत्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि दात काढत म्हणाला, "बधाई हो मॅडम! गाडी अगले महिने. डिझेल, डबल केबिन, ऑटोमॅटिक."

ऑटोमॅटिक!

१८ डिसेंबरला फॉर्म मी भरला होता. माझ्या अक्षरात. 'मॅन्युअल' लिहून खाली रेघ मारली होती, कारण ही माणसं वाचत नाहीत हे मला ठाऊक आहे.

"बदल तो आपकेही घर से आया था, मॅडम."

घरून कोणी? "मी त्या दिवशी सुट्टीवर होतो." लेखी आहे का? "बघावं लागेल." छत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढली, शेवटची आठ अधीक्षक म्हणून. 'बघावं लागेल' म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

घरात माणसं तीन. एक मी. दुसरे मधुकरराव, माझे यजमान, ज्यांनी एकाहत्तर वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तिसरा प्रफुल, दिराचा मुलगा, चौतीस वर्षांचा बाप्या. रिकामी जीप चालवतो. मागे ट्रॉली लावली की कालव्याच्या पुलावर, चढाच्या मध्यावर, गाडी बंद पाडतो. दोनदा पाडली. क्लच सोडायची घाई! म्हणून हिंगणीच्या आमच्या नर्सरीतली रोपं मीच पोचवते. ट्रे ट्रॉलीत, ट्रॉली जीपच्या मागे, जीपमध्ये मी, बाजूच्या सीटवर मधुकरराव. निवृत्तीनंतरची आठ वर्षं, हंगामात रोज.

आता जीप धूर ओकते, नवी गाडी हवीच. पण क्लच नसलेली गाडी कोणीही चालवेल. आणि 'कोणीही' आलं की मला घरात बसवतील. मेथी निवडायला!

बुधवार, ७ जानेवारी

शोरूमला पत्र पाठवलं, स्पीड पोस्टाने. बदलाच्या अर्जाची प्रत द्यावी, तोंडी खुलासा चालणार नाही, मुदत १९ तारीख. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि साक्षीदार घेऊन या, नाहीतर ती नुसती कुरकुर. साठ वर्षांत त्यात बदल करावासा वाटला नाही.

जेवताना प्रफुलला सरळ विचारलं, शोरूमला फोन तू केलास का? 

"मी काऊन फोन करू, काकू? मले तर गाडीचा रंगही कोणी विचारला नाई."

"मग कोणी केला?"

मधुकरराव म्हणाले, "वांग्याले आज मीठ बरोबर झालं." कोणी विचारलं होतं मिठाचं?

गुरुवार, ८ जानेवारी

चप्पल पुन्हा गळली. डावीच! शेडनेटपासून घरापर्यंत एका पायात चप्पल घालून चालत आले, मला पत्ता नाही. दारात धुरपता म्हणाली, "बाई, एक चप्पल कुठं टाकली वो?" धुरपता आमच्याकडे वीस वर्षं ट्रे भरते, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. वाटेत गोखरू होते म्हणाली. तळव्यात दोन काटे निघाले.

पट्टा ढिला आहे. वर्ध्याच्या त्या दुकानदाराला सुनावलं पाहिजे.

शनिवार, १० जानेवारी

सेलूला कलिंगडाची रोपं पोचवली. तिथले शेतकरी बापूराव, त्यांनी ट्रॉलीचा मागचा फाळका उघडून नेहमीसारखा आधी शेवटच्या रांगेतला ट्रे पाहिला. इकडे सगळे तसंच करतात. झटके बसले तर ते ट्रॉलीच्या शेपटाला बसतात. मागचे ट्रे सरकतात, एकमेकांवर चढतात, रोपं आडवी होतात. गाडी कशी हाकली हे मागचा ट्रे सांगतो. बापूराव म्हणाले, "मॅडमच्या ट्रॉलीतलं रोप मान टाकत नाई." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं.

एकदाच घडलं विपरीत. दिवाळीआधी मागचे दोन ट्रे पुलावरच खाली आले. प्रफुलने नीट लावले नव्हते. सगळ्या बायांसमोर झापलं मी त्याला. एक शब्द बोलला नाही.

जीपचा क्लच मात्र अगदीच गेलाय. कुठे धरतो तेच कळत नाही. परतताना पुलावर घाम फुटला. जानेवारीत!

सोमवार, १२ जानेवारी

नीरजचा फोन. पत्र पोचलेलं दिसतं, कारण आवाजात साखर. "मॅडम, एक बार ऑटोमॅटिक चलाके तो देखो. ट्रॉली ओढायला तीच बेस्ट. चढावर मागे सरकत नाही, झटका नाही." मी म्हटलं, दोन्ही गाड्या हिंगणीला आणा, मागे माझी ट्रॉली जोडा, ट्रॉलीत माझी रोपं भरा, आणि मग बोला. "डेमो गाडीला हूक नसतो, मॅडम." तर बसवून आणा!

ठरलं, संक्रांतीला.

फोन ठेवला आणि जीपमध्ये जाऊन क्लच उगाच दोनदा दाबून पाहिला. कशाला? तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवतेय मी.

बुधवार, १४ जानेवारी — संक्रांत

नीरज आणि त्याचा एक माणूस, दोन गाड्या घेऊन दहाला हजर. धुरपताने तिळगूळ दिला. नीरज म्हणाला, "आता गोड बोला, मॅडम." मी म्हटलं, आधी हूक दाखवा.

पहिली मॅन्युअल. ट्रॉलीत चाळीस ट्रे. बाजूला मधुकरराव, मागे नीरज. पुलाच्या चढावर मध्येच थांबवली. माझी जुनी परीक्षा आहे ही, थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. आणि क्लच हळू सोडायचा तर...

खाली वाकून पाहिलं मी. पाय कुठे आहे ते. क्लचवर होता. पण पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

गाडीने हिसका दिला, बंद पडली, हातभर मागे गेली. ट्रॉलीमागून चालत आलेली धुरपता ओरडली, "बाईऽऽ! कालवा हाय!" उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला. नीरजचं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही.

मग ऑटोमॅटिक. तिच्यात खोट काढायचीच असं ठरवून बसले. उतारावर इंजिन धरून ठेवेल का? ठेवलं. उलटी घेताना ट्रॉली वाकडी जाईल का? गेली नाही. चढावर थांबवली, ब्रेक सोडला, ॲक्सिलरेटरवर नुसतं बोट ठेवावं तसा पाय ठेवला, निघाली! डाव्या पायाला कामच नाही. घरी आलेल्या पाहुण्यासारखा बाजूला बसून होता.

फाळका उघडला. शेवटची रांग जशीच्या तशी. नीरज टॉर्कबद्दल काही सांगू लागला, मी त्याला दुसरा लाडू दिला. तोंड बंद राहील असा मोठा.

मधुकरराव पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर काय आहे? तूर आहे. रोजचीच.

गुरुवार, १५ जानेवारी

नव्या गाडीचा क्लच झिजलेला कसा असेल?

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी ट्रॉली भरताना धुरपताशेजारी जाऊन उभी राहिले. नेहमी मी तोवर चहा घेत असते. शेवटच्या रांगेतला ट्रे उचलला. खाली पोतं. ओलं, पिळून अंथरलेलं. शेजारच्या ट्रेखालीही. मागच्या तीनही रांगांखाली.

"हे काय?"

"थंडाव्याले, बाई."

"जानेवारीत? सकाळी आठ वाजता? तू स्वतः दोन शाली गुंडाळल्यात!"

धुरपताने माझ्या हातातला ट्रे घेऊन परत पोत्यावर ठेवला.

"पोतं ओलं असलं की ट्रे घसरत नाई," शेवटी म्हणाली. "दादानं सांगतलं तसं केलं. दिवाळीपासून करून राह्यले. मले रागावू नका, बाई. दादा म्हणे, तिले सांगजो नको."

दादा म्हणजे मधुकरराव.

म्हणजे सेलूला बापूरावांनी जे कौतुक केलं, ते पोत्याचं होतं.

आज रोपं पाठवली नाहीत. शेतकऱ्याला फोन करून सांगितलं की जीप नादुरुस्त आहे.

शनिवार, १७ जानेवारी

धुरपताला ओट्यावर बसवलं. म्हटलं, मी डोळे मिटते, तू माझ्या डाव्या पायाच्या बोटांना हात लाव, कोणत्या बोटाला लावलास ते मी सांगते.

मिटले. वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली.

"अगं, लाव की!"

"केव्हाचा लावला हाय, बाई."

डोळे उघडले तर अंगठा तिच्या मुठीत होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिचाच राग आला. तिला म्हटलं, जा, मिरचीला पाणी दे.

मग प्रफुलला हाक मारली. म्हटलं, दिवाळीआधी ट्रे पडले ते तुझ्यामुळे नव्हे. हिसका माझा होता.

"मालूम आहे, काकू."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलून राह्यल्या होत्या ना. मधात कसा बोलू?"

हसू आलं आणि लगेच गेलं. सगळ्यांना माहीत! नोकराचाकरांसकट. मला तेवढं नाही, आणि पाय माझा.

काय असेल? साखर? कंबरेची नस? की त्याहून वाईट? उजवा पायही असाच जाईल का? मग ब्रेक? कालव्याचं पाणी डोळ्यासमोरून हलत नाही. नवीन गाडीत बाजूला मधुकरराव होते. पोहता येत नाही त्यांना.

रविवार, १८ जानेवारी

 मधुकररावांनी दोनदा विचारलं, "अवो, तब्येत बरी नाई का तुही?" दोनदा म्हटलं, बरी आहे. 'खरं बोल' म्हणण्याचा हक्क आता ह्या घरात दोघांनाही नाही.

आता कळतं, फोन कोणी केला असेल. माझा पाय बिघडलेला पाहिला आणि गाडी प्रफुलच्या हाती द्यायचं ठरवलं. मला न विचारता. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मला एका फोनने निवृत्त केलं. सरकारने निदान शाल-नारळ तरी दिला होता.

सोमवार, १९ जानेवारी

मुदतीच्या दिवशी, दुपारी चार वाजता, शोरूमचा लिफाफा आला. फोन नव्हताच. अर्ज होता. मधुकरराव २४ डिसेंबरला एसटीने वर्ध्याला जाऊन आले होते. मला सांगितलं होतं, डोळ्याचे थेंब आणायचे आहेत. अक्षर त्यांचंच, शाळेच्या वहीचं, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या. जसं आहे तसं उतरवते:

"मॅन्युअल गाडीच्या ऐवजी ऑटोमॅटिक द्यावी. कारण गाडी माझी पत्नी चालवते आणि पुढेही तीच चालवेल, दुसरे कोणी नाही. तिच्या डाव्या पायाची जाणीव कमी झाली आहे. तिला ते अजून समजले नाही आणि मला सांगण्याची हिंमत नाही. क्लच नसला तर तिचे काम सुटणार नाही. ह्या अर्जाची प्रत तिने मागितली तरी देऊ नये ही विनंती."

पुढेही तीच चालवेल.

पाच वेळा वाचलं. दोन आठवडे मी चोर शोधत होते.

पण रागही आहे. असा कसा नसेल? तीन महिने हे बाजूच्या सीटवर बसून त्या पुलावर येत राहिले! माझा पाय मला कळत नाही हे माहीत असून! पोती अंथरून ट्रे वाचवले. स्वतःखाली काय अंथरलं होतं?

आणि सांगितलं असतं तर मी काय बोलले असते, तेही मला पाठ आहे.

मंगळवार, २० जानेवारी

चहाच्या बशीखाली ठेवलेल्या पत्राची नक्कल.

"मधुकररावांस. ऑटोमॅटिकचं बुकिंग मी आज कायम केलं. ती येईपर्यंत मी जीपच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. ट्रॉलीसाठी सेलूहून ट्रॅक्टर सांगितला आहे. गुरुवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात पाय दाखवायचा आहे. जीप प्रफुल चालवेल, मी मागे बसेन. तुमच्याकडून एकच खुलासा हवा. जर डॉक्टर म्हणाले की आता ह्या बाईंनी कोणतीच गाडी चालवू नये, तर त्यांच्यासमोर तुम्ही खरं बोलाल, की पुन्हा पोतं अंथराल? मला खरं हवं आहे. उत्तर लेखी, सहीसह, गुरुवार २२ जानेवारी, सकाळी साडेसातच्या आत. मिठाबद्दल काही लिहू नये."