दोनदा वजा केलेला गॅस

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. जिना मात्र ती अजून त्याला शिव्या घालतच चढते. वहिनीने विणलेला स्वेटर मला अगदी मापात बसला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू बनवलेलं गोबरगॅस मोजायचं यंत्र अजून आमच्या प्रयोगशाळेतच आहे, विकत आणलेल्या यंत्राच्या शेजारी. दोन्हीकडच्या बाटल्यांत तेच खरकटं, तेच शेणाचं विरजण. त्या यंत्रात गॅसचा दाब मुकाट्याने मोजला जातो. तुझ्या यंत्रात पाण्याखालची वाटी गॅसने भरली की टक्‌ करून पलटते. बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणतात, "तुमच्या भावाचं बडबडं आहे हो, म्हणून हरलं. मुक्याचंच खरं धरतात लोक."

हरलं ते माझ्या अहवालामुळे. तुझं यंत्र गॅस कमी दाखवतं असं मी लिहिलं, आणि यंत्र निवडणाऱ्या समितीने ते नाकारलं.

गेल्या आठवड्यात आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक बाटलीत तूट सारखीच, आणि नेमकी विरजणाच्या स्वतःच्या गॅसइतकी. यंत्राची खोट इतकी नेमकी नसते, माणसाची असते. मोजायचा असतो फक्त खरकट्याचा गॅस, म्हणून विरजणाचा वजा करावाच लागतो. पण तुझं यंत्र तो वजा करूनच आकडा देतं. तू दिलेल्या माहितीच्या कागदावर ते पहिल्याच ओळीत आहे. मी तो परत वजा केला.

'गेल्या आठवड्यात' असं वर लिहिलं, ते खोडत नाही. पण ते खरं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशीच मला शंका आली होती. भावाचं यंत्र वर काढलं असं कोणी म्हणेल, या धाकाने मी वही मिटली. बैठकीत समितीच्या मॅडम म्हणाल्या, "सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत हं!" आणि दादा, मी हसले.

आज सकाळी अहवालाच्या दुरुस्तीचं पत्र मॅडमच्या हातात दिलं. शंकेची तारीखही त्यात आहे. प्रत सोबत जोडते. आधी तुला लिहिलं असतं, तर तुझ्या क्षमेची वाट बघत ते पत्र टेबलावरच राहिलं असतं. हे काम बहुधा माझ्याकडून काढून घेतील. घेऊ देत.

लहानपणी खाऊची वाटणी माझ्याकडे असायची. कोणी लबाड म्हणू नये म्हणून छोटा तुकडा मी स्वतःला ठेवायचे. या वेळी तो तुझ्या हातावर ठेवला, आणि त्यालाच न्याय म्हटलं.

यंत्र चालू आहे. हे लिहीपर्यंत वाटी चारदा पलटली. चारही वेळा मी हिशोबात धरल्या आहेत.

तुझी धाकटी