बाबांचं धरण, आईचा तलाव

बाभुळगाव,
२२ एप्रिल २०२५

ती. चंदाताई हिच्या सेवेशी,
धर्मपालचा सविनय जयभीम. वि. वि.

परवा रविवारी पहाटे पाचला उठलो. आंघोळ करून तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, पण वंदना म्हणायच्या आधीच आईच्या डाव्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून घेतले. एरवी आधी वंदना आणि मग थेंब. हल्ली पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाशी, माझा आवाज आपोआप खाली जातो आणि मग थेंब टाकताना आईकडे सरळ पाहवत नाही. म्हणून क्रम बदलून पाहिला. काही उपयोग झाला नाही. आवाज तिथं आला आणि खाली गेलाच.

जानेवारीत यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुला कळवलं होतं. काचबिंदूने उजवा डोळा गेला. डाव्यानेही बांगडीतून पाहावं तेवढंच दिसतं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेवढं तरी उरेल की नाही याची ते खात्री देत नाहीत. आईला मी अजूनही एवढंच सांगून ठेवलं आहे की थेंबांनी फरक पडेल. तिला खरं सांग, असं तू दोनदा लिहिलंस. ताई, रोज ठरवतो. ती सकाळी अंगणात बसून तांदूळ निवडते, एकेक खडा डोळ्याजवळ नेऊन पाहते, आणि माझं ठरवलेलं तिथंच राहतं.

आता चांगली बातमी. आईने आपण होऊन कधी काही मागितल्याचं तुला आठवतं का? मला नाही. भीमजयंतीची शिवणकामं संपली त्या संध्याकाळी मी मशीन पुसत होतो, तर ती म्हणाली, एकदा तलाव पाहाव वाटते बापा, पाणी भरलेला. मी दुसरा विचारही केला नाही. बाबा ज्या धरणावर सहा वर्षं राबले आणि ज्याच्या गोष्टी सांगत त्यांनी आपल्याला लहानाचं मोठं केलं, ते धरण आईला एकदाही दाखवलं नव्हतं. पोराने, राजदीपने, मित्राची गाडी आणली. सूनबाई प्रियंकाने भाकरी, ठेचा, कांदे आणि आईसाठी मऊ खिचडी बांधून घेतली.

ताई, काय पाणी होतं! वारा नव्हता. टेकड्या पाण्यात उलट्या उभ्या होत्या. बागेत लेकरं झोके घेत होती, होड्या चालल्या होत्या. मी बाबांचा फोटो सोबत नेला होता. तो एका दगडाला टेकवून ठेवला आणि सुरुंग, माती वाहणारे रुळांवरचे डबे, मुकादमाची शिट्टी, बाबांच्या सगळ्या गोष्टी आईला पुन्हा सांगितल्या. ती ऐकत होती. मधून मधून म्हणत होती, हो रे, लय मोठं काम केलं त्याईनं. दुपारी ती झाडाखाली आडवी झाली आणि आम्ही सगळेच पाण्याकडे पाहत बसलो. असा दिवस मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. येताना गाडीत तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

भाऊजींच्या खोकल्याचं कळव. फोनवर माझा आवाज तुला भुंग्यासारखा ऐकू येतो, तेव्हा पत्रच टाक. तुझी माया आमच्यावर आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
धर्मपाल


राजूर,
२७ एप्रिल २०२५

चि. धर्मपाल यास,
ताईचे आशीर्वाद आणि सर्वांना जयभीम.

तुझं पत्र भाऊजींनी आधी फोडलं आणि मोठ्याने वाचलं, म्हणजे मला ऐकू येईल म्हणून. शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं, मला नाही. मग मी स्वतः वाचलं. त्यांचा खोकला बरा आहे. खाणीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळच्या पाळीच्या वेळेला उठून बसतात आणि मलाही बसवतात.

पाण्याचं वर्णन छान केलंस. शाळेत गुरुजी तुझे निबंध वाचून दाखवायचे तेव्हापासून तू असाच आहेस. सगळं लिहितोस आणि जे करायचं ते सोडतोस. चौथ्या शीलाशी आवाज खाली जातो म्हणे. अरे, आवाज खाली नेल्याने शील पाळलं जात असतं तर आपल्या गावातले अर्धे लोक अरहंत झाले असते.

राग मानू नकोस. मला एवढंच कळतं की डोळे तिचे आहेत. तू तिला वाचवतो आहेस की स्वतःला, याचा एकदा शांत बसून विचार कर.

आणि तिला आठ दिवस माझ्याकडे पाठव. इकडे कोळशाची धूळ आहे, पाहण्यासारखं काही नाही, पण मी आहे. माझे डोळे आणि तिचे कान मिळून एक धड बाई तयार होते.

प्रियंकाला म्हणावं, ठेच्यात मीठ बेताने घालत जा. आशीर्वाद नेहमीचे, त्यात काटकसर नाही.

तुझी ताई,
चंदा


बाभुळगाव,
१ मे २०२५

ती. ताई, सविनय जयभीम.

आईला राजदीपसोबत पाठवतो आहे, चिठ्ठी त्याच्याच हाती. थेंब सकाळी आणि रात्री, दोनदाच. बाटली थंड जागेत ठेवावी. तू तिला काही सांगू नकोस, एवढी विनंती. सांगायचं ते मीच सांगेन. या वैशाख पौर्णिमेच्या आत सांगेन, असं तथागतांपुढे बसून ठरवलं आहे. तू हसशील. हस.

तिच्याशिवाय घर रिकामं वाटेल. लोभ आहे तो वाढवू नकोस, कमीही करू नकोस.

धर्मपाल


राजूर,
९ मे २०२५

चि. धर्मपाल यास, आशीर्वाद.

आईला परत पाठवते आहे. मी तिला काही सांगितलं नाही, तुझा शब्द ठेवला. पण तिने मला एक गोष्ट सांगितली, ती तुला कळायला हवी. ती माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून बोलते, तेव्हा मला नीट ऐकू येतं, त्यामुळे हे चुकीचं ऐकलेलं नाही.

मी तिला विचारलं, धरण कसं वाटलं. ती म्हणाली, पाणी चांगलं होतं बाई, पण त्या धरणात माह्या हातची मातीची एकई पाटी नाही.

धर्मपाल, तिला पाहायचा होता तो तलाव दुसराच आहे. उमरखेडच्या पुढे, तिच्या माहेरच्या डोंगरात. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने तो खोदायला काढला, तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. दीक्षेच्या साली, छप्पनला, जन्मली ना ती, हिशेब कर. आजीसोबत रोज कामावर जायची, तिथं मिळणारी सुकडी खायची. पाळूच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात पाणी धरायला काळी माती भरतात म्हणे. ती माती भिजवून बायांनी ओळीने उभं राहून पायांनी तुडवायची, म्हणजे तिच्यात भेग राहत नाही. आईची टोळी तुडवणीची होती. सगळा उन्हाळा तुडवली. पाळू बांधून झाला, आणि पावसाच्या आधी वैशाखात तिचं लग्न लागलं. ती बाबांच्या गावी आली. आजी-आजोबा पुढे पोटासाठी तिकडून उठले, मग माहेरच राहिलं नाही. तो तलाव पाण्याने भरलेला तिने आजपर्यंत पाहिलेला नाही.

मी विचारलं, मग धर्मपालला तिथंच काहून नाही सांगितलं? तर म्हणे, त्यानं बापाचा फोटू आणला होता. त्याचं तोंड पाहून कसं सांगू?

चूक तुझी एकट्याची नाही. बाबांच्या धरणातला दगड न् दगड मला पाठ आहे. आई लग्नाआधी काय करत होती, हे मी एकावन्न वर्षांत विचारलं नाही. मला तर बहिरेपण आत्ता आलं.

पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नकोस. आशीर्वाद आहेतच, आता घाईचेही.

तुझी ताई,
चंदा


बाभुळगाव,
१४ मे २०२५

ती. चंदाताई हिच्या सेवेशी,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मशीनवर बसून राहिलो. त्या दिवशी धरणावर मी बोलत होतो आणि ती हो रे, हो रे म्हणत होती, तो आवाज पुन्हा पुन्हा आठवला.

सोमवारी वैशाख पौर्णिमेला पहाटे तीनला निघालो. प्रियंकाने रात्रीच खीर करून डब्यात भरली होती. उमरखेड मागे टाकल्यावर डांबर संपलं आणि डोंगर सुरू झाला. तिथं तलावाच्या नावाची पाटी नाही. वाटेत एका तांड्यावर रूपसिंग नावाचे म्हातारे शेळ्या सोडत होते, त्यांना विचारलं. ते गाडीत वाकून आईला म्हणाले, कोणत्या टोळीच्या तुम्ही? आई म्हणाली, तुडवणीच्या. ते म्हणाले, आमच्या तांड्याची टोळी मुरूम वाहायची, आणि तुमच्या बाया आमाले हसायच्या. आई म्हणाली, हसायसारखेच होते तुम्ही. अर्ध्या वाटेवर पाट्या सांडत येत होते. म्हातारा इतका हसला की शेळ्या भलतीकडे गेल्या. मग त्यांनी सांगितलं की एवढ्या वर्षांत हा तलाव दोनच उन्हाळे आटला, आणि आईने मान अशी वर केली की काही विचारू नकोस.

आठच्या सुमारास पोहोचलो. ताई, तिथं बाग नाही, होडी नाही, माणूस नाही. तिन्ही बाजूंनी सागाचे उघडे डोंगर आणि मध्ये पाणी. मे महिन्याचं, खाली गेलेलं, पण हिरवं आणि गार. वाऱ्याने मोहाचं एखादं फळ पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. आईने पाळूवर चढायच्या आधी चपला काढल्या. मी म्हटलं, पाय पोळतील. ती म्हणाली, तवा कुठं चपला होत्या?

वर गेल्यावर तिने पाण्याकडे पाहिलं. तिची दृष्टी बांगडीएवढी, त्यामुळे तिला सगळं पाणी एकदम दिसेना. ती डोकं हळूहळू फिरवत होती. आधी पलीकडच्या डोंगराची कड, मग तिची सावली, मग एक पांढरा बगळा, मग नुसतं पाणी, मग पुन्हा पाणी. राजदीपने आणि मी जे एका नजरेत पाहून संपवलं, ते तिला पाऊण तास पुरलं. मग ती पाळूवरून एका टोकापासून चालत निघाली, एका जागी थांबली आणि म्हणाली, इथून त्या वाकड्या झाडापर्यंत आमचं. खाली, आत. तिने टोळीतल्या बायांची नावं घेतली, अकरा. बाराव्या नावाशी थांबली, पण ते आठवलं नाही.

मग तिने पाण्यापुढे हात जोडले. तू मला ओळखतेस. बावीस प्रतिज्ञांतली पूजा न करण्याची मनात आली आणि मी घुटमळलो. तिला ते न पाहताच कळलं. म्हणाली, पाण्याले नाही रे, त्या बायाईले.

आम्ही सावलीत बसून वंदना घेतली, खीर खाल्ली. रूपसिंगांच्या घरून ताक आलं. राजदीप झोपला, प्रियंका पाण्यात पाय सोडून बसली. दुपार अशी होती की वेळ कुठं गेला तेही कळलं नाही. डोंगरावरून एक ढग चालला होता आणि पाण्यातूनही चालला होता. आई माझ्या शेजारी मोहाच्या बुंध्याला टेकून बसली होती. ती इतकी सुखात होती की वाटलं, आज नको. आजचा दिवस कशाला बिघडवायचा? आणि मग कळलं, जानेवारीपासून मी रोज हेच म्हणत आलो आहे.

मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं, त्यांच्याच शब्दांत. थेंबांनी फक्त वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही, हेही.

ती बुंध्यावरून पाठ काढून सरळ बसली. मग विचारलं, तुले कवा सांगतलं त्यानं? मी म्हटलं, जानेवारीत. तिने बोटांवर महिने मोजले. म्हणाली, चार महिने तू मले घराच्या भिंतीच दाखवल्या काय रे? मले वाटे, डोये सुधरले की पाहू, सुधरले की पाहू. चंदीच्या घरी आठ दिवस राह्यली, तिचं तोंडसुद्धा मनभरून नाही पाह्यलं. डोये माहे होते नं, धर्मपाल.

तिने मला नावाने क्वचितच हाक मारली आहे. ती काठी घेऊन उठली, एकटी पाण्यापाशी गेली आणि पाठ करून बसली. प्रियंका उठायला लागली, मी तिला खुणेने थांबवलं. तासभर असा गेला. मला वाटलं, ही आता माझ्याशी बोलणार नाही, आणि तसं झालं तरी तक्रार करायला जागा नाही.

ऊन उतरलं तेव्हा तिने हाक मारली. जवळ गेलो, तर मला शेजारी बसवून म्हणाली, आता नीट पाहाय. पुढच्या साली मले सांगा लागन तुले. मी पाण्याकडे पाहून सुरुवात केली की किती सुंदर हिरवं पाणी आहे. तिने तिथंच तोडलं. म्हणाली, सुंदर नको सांगू, काय आहे ते सांग. पाणी कोणत्या दगडापर्यंत आहे? बगळे किती? पाळूले कुठं भेग दिसते काय? मी चुकलो की ती पुन्हा पाहायला लावत होती. पाळू मी चालत जाऊन दोन्ही टोकांपर्यंत पाहून आलो. भेग नाही, ताई. एकही नाही. तिला तसं सांगितलं.

येताना गाडीत ती पुढे बसली आणि अंधार पडेपर्यंत बाहेर पाहत होती. माझ्याशी फार बोलली नाही. राग आहे अजून, आणि तो असू दे. रविवारी तिला तुझ्याकडे घेऊन येतो आहे. तुझं तोंड पाहायचं आहे म्हणते, सकाळच्या उजेडात. माझ्यावर जेवढी माया उरली असेल तेवढी ठेव.

चार महिने उशिरा, पण सांगितलं.

तुझा,
धर्मपाल